एस्लिंगेनमध्ये नवीन: जिन्याची पाळी, फोडणीचा वास आणि न बोलणारे शेजारी

सोनचाफा

नमस्कार मंडळी. स्टुटगार्ट-एस्लिंगेन भागात राहणाऱ्यांनी जरा सविस्तर सांगाल का?

आम्ही यंदा चिंचवडहून एस्लिंगेनला राहायला आलो. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्याचं ऑफिस इंग्रजीत चालतं, तो दिवसभर माणसांत असतो. मी तिकडे शाळेत गणित शिकवायचे, इथे अजून काम नाही. जर्मन पुण्यात ए-टू पातळीपर्यंत शिकून आले, पण बेकरीतल्या बाई बोलायला लागल्या की एकही शब्द ओळखीचा वाटत नाही. मुलगा पाच वर्षांचा. तो सकाळी किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, गेला की घरात मी आणि खिडकीतून दिसणारी द्राक्षमळ्यांची टेकडी.

इमारत तीन मजली आहे, सहा बिऱ्हाडं. आमच्या बरोबर खाली एक आजी एकट्याच राहतात. जिन्यात भेटल्या की ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतात, मीही म्हणते, की दार बंद. मध्यंतरी त्यांनी आमच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी अडकवली, वर ‘केअरवोख’ लिहिलेलं. म्हणजे या आठवड्यात जिना झाडायपुसायची पाळी आमची, हे नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं. मी सगळा जिना पुसला. दुसऱ्या दिवशी दाराशी चिठ्ठी: कठड्याचे गज आणि तळघराच्या पायऱ्या राहिल्या आहेत. काही दिवसांनी आणखी एक चिठ्ठी: स्वयंपाकघरातली हवा कृपया खिडकीतून बाहेर सोडावी, जिन्यात सोडू नये. सही नाही, पण अक्षर तेच.

ही दुसरी चिठ्ठी मला फार लागली. चिंचवडला आमच्या मजल्यावर संध्याकाळी सगळ्यांची दारं उघडी असायची. कोणाकडे काय शिजतंय ते वासावरून कळायचं आणि वाट्या इकडून तिकडे जायच्या. इथे फोडणी टाकताना हात अडखळतो. हिंगाची डबी तर मी काढतच नाही. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून शेजारी उभी राहते. मुलाला दिवसभर ‘पळू नको, हळू बोल’ चालू असतं. सासूबाई व्हिडिओ कॉलवर विचारतात, शेजार कसा आहे गं? काय सांगू त्यांना?

आपण या लोकांना नकोसे आहोत, की हे सगळ्यांशी असेच वागतात? गणपती जवळ आलेत, दहा-बारा माणसं आरतीला बोलवायची इच्छा आहे, बोलवू की नको? आणि मी आपणहून त्या आजींचं दार वाजवलं तर चालेल का?

नेकरकाठ

स्वागत आहे. मी हाइलब्रॉनला असतो, तुमच्यापासून फार लांब नाही. नियमांपुरतं सांगतो, बाकीचं इथल्या अनुभवी मंडळींवर सोडतो.

भाडेकराराला जोडलेला ‘हाउसऑर्डनुंग’ नावाचा कागद शोधा. तुमच्या इमारतीत काय चालतं नि काय नाही, ते त्यात लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी रात्री 10 ते सकाळी 6 शांतता, आणि रविवार-सुट्टीचा दिवस पूर्ण शांतता. म्हणजे ड्रिल मारणं, ठोकाठोकी, गवत कापायचं मशीन बंद. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकणंसुद्धा रविवारी नको. चटणीपुरता मिनिटभर मिक्सर दिवसा लावलात तर कोणी काही म्हणणार नाही, आणि कुकरची शिट्टी तर अजिबात गुन्हा नाही. मुलं घरात खेळणार, पळणार, हे इथलं कोर्टही धरून चालतं. किटा आणि खेळाच्या मैदानांवरून येणारा मुलांचा आवाज उपद्रव मानायचा नाही, अशी तरतूद 2011 मध्ये थेट कायद्यातच केली. तेव्हा त्या लेकराला जरा मोकळं सोडा.

वासाबद्दल: शेगडीवरचा पंखा हवा बाहेर फेकतो की गाळून परत खोलीतच सोडतो, ते बघून घ्या. भाड्याच्या घरांत बरेचदा दुसरा प्रकार असतो. त्यात कोळशाची जाळी असते, ती ठरावीक काळाने बदलावी लागते. ती जुनी झालेली असेल तर फोडणीचा वास आठवडाभर पडद्यांत राहतो.

रानवाट

मला एक कळत नाही, आपणच का एवढं वाकायचं? भाडं वेळेवर भरता ना? कर भरता ना? घरात काय शिजवायचं हे खालच्या मजल्यावरून ठरणार का? मी फ्रँकफर्टला आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये कोण राहतं हे मला माहीत नाही आणि त्यांना मी माहीत नाही. आठवड्याच्या शेवटी आपली मंडळी भेटतात, नाटक होतं, गोडाधोडाचं जेवण होतं. चिठ्ठ्या कचऱ्यात टाका आणि हिंग बाहेर काढा.

चिंचेचं पान

सोनचाफा, हिंग बाहेर काढच, त्याबाबतीत रानवाट यांच्याशी मी सहमत. चिठ्ठ्या मात्र टाकू नकोस.

मी स्टुटगार्टमधल्या बाड कानश्टाटला राहते, तुझ्याहून बरीच वर्षं आधी आले, माझी मुलं इथेच मोठी झाली. तू आलीस तो भाग श्वाबियन, म्हणजे इथल्या मूळच्या, लोकांचा आहे, आणि फ्रँकफर्टचं गणित इथे लागू पडत नाही. तिथे कोणी कोणाच्या जिन्यात बघत नाही. इथे बघतात. ते बघणं तुला आज पाळत ठेवल्यासारखं वाटतंय, पण शेजारपण इथे त्यातूनच सुरू होतं.

आधी केअरवोखबद्दल, कारण त्यावरच पुढचं सगळं उभं आहे. ही पद्धत त्या आजींनी तुझ्यासाठी काढलेली नाही. स्टुटगार्टच्या 1492 सालच्या नगरनियमांत शहर स्वच्छ ठेवण्याचा हुकूम आहे, तिथपर्यंत लोक तिची मुळं नेतात. शहराने 1988 मध्ये कायद्याची सक्ती उठवली, तरी भाडेकरारांतून ती आजही चालू आहे. लहान पाळी म्हणजे आपल्या मजल्यावरून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना, कठडा, खिडकीची कड. मोठी पाळी म्हणजे तळघर, अंगण, पदपथ, कचऱ्याचे डबे आणि थंडीत बर्फ. तुमच्या घरी नेमकी वाटणी काय आहे ते हाउसऑर्डनुंगमध्ये सापडेल किंवा आजींनाच विचार. बर्फाचं मात्र ध्यानात ठेव: पाळी तुमची असेल तर सकाळी लोक कामाला निघायच्या आत पदपथ मोकळा झालेला असावा लागतो. वेळ प्रत्येक गावाने ठरवलेली असते, ती नगरपालिकेच्या पानावर मिळेल. कोणी घसरून पडलं तर जबाबदारी अंगावर येते.

आता ती पाटी. पाटी दारावर अडकवली याचा अर्थ तुझं नाव पाळीच्या यादीत धरलं. ज्याला मोजायचंच नाही त्याच्या दाराला कोणी पाटी लावत नाही, त्याची पाळी गुपचूप दुसरा करतो आणि तक्रार सरळ घरमालकाकडे जाते. तुझ्या आजी घरमालकाकडे गेल्या नाहीत. काय राहिलं तेवढं लिहून तुझ्या दाराशी ठेवलं. आपल्याकडे न सांगता सांभाळून घेणं हा चांगुलपणा, इथे स्पष्ट सांगणं हा चांगुलपणा. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि तोवर टोचतं, हे मी नाकारत नाही.

आमच्या पहिल्या घरी खाली एक निवृत्त रेल्वे कामगार राहायचे. पहिल्या हिवाळ्यात बर्फाची पाळी आमच्यावर आली तेव्हा नवरा दौऱ्यावर होता. मी झाडू घेऊन खाली गेले, तर ते आधीच दारात उभे. काही बोलले नाहीत. माझ्या हातातला झाडू घेऊन भिंतीला टेकवला, आपलं रुंद फावडं माझ्या हातात दिलं आणि पाय कसा रोवायचा ते दाखवलं. उचलायचं नाही, ढकलायचं. मग मागून बारीक खडी टाकत ते चालत आले. कोपऱ्यापर्यंत दोघांनी केलं. पुढे एकदा मला ताप होता, पाळी आमचीच होती, मी उठू शकले नाही. रविवारी दार उघडून बघते तर जिना लखलखीत आणि पाटी पुढच्या बिऱ्हाडाच्या दारावर. भेटल्यावर मी आभार मानायला लागले, तर म्हणाले, ‘तुमच्या खिडकीच्या झडपा दोन दिवस खालीच होत्या.’ एवढंच. मला त्या माणसाबद्दल आजही फार वाटतं.

दुसऱ्या चिठ्ठीबद्दल. तू चिंचवडच्या सवयीने दार उघडं ठेवत असशील, हवा खेळावी म्हणून. इथे जिना सगळ्यांचा मिळून असतो आणि त्याला खिडक्या कमी. दाराने बाहेर गेलेली हवा वरपर्यंत चढते आणि तिथेच बसते. त्यांनी ‘फोडणी करू नका’ असं लिहिलेलं नाही, ‘खिडकीतून सोडा’ असं लिहिलंय. तेव्हा स्वयंपाकघराचं दार लोटून घे, फोडणी टाक, आणि झाली की खिडकी नुसती तिरकी न करता सताड उघड, पाच-दहा मिनिटं, थंडीतही. घरात बुरशी धरू नये म्हणून हे तसंही रोज करावं लागतं. कढईवर झाकण हाताशी ठेव. हिंग, मेथी, सुकट, जे हवं ते कर.

भाषेचं मनाला लावून घेऊ नकोस. पुण्यात शिकवतात ती प्रमाण जर्मन, आणि बेकरीतल्या बाई बोलतात ते श्वेबिश, म्हणजे श्वाबियन लोकांची बोली. आपल्या या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याने 1999 पासून स्वतःची जाहिरातच अशी केली होती: ‘आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही.’ सरळ म्हण की मी शिकते आहे, कृपया हळू आणि होखडॉइचमध्ये (प्रमाण जर्मनमध्ये) बोला. लोक प्रयत्न करतात. फोल्क्सहोखशूलच्या, म्हणजे मोठ्या माणसांसाठीच्या शिक्षणकेंद्राच्या, वर्गाला नाव घाल, संध्याकाळचे वर्ग असतात. आणि मुलाला गावातल्या क्रीडामंडळाच्या लहान मुलांच्या व्यायामवर्गाला घाल. वर्गणी परवडणारी असते आणि बाकावर बसलेल्या आयांशी तासभर बोलणं होतं. कोर्सपेक्षा मला त्या बाकाने जास्त दिलं.

रानवाट, तुम्ही लिहिलंत त्यात चूक काही नाही, मंडळाच्या कार्यक्रमांना आम्हीही जातो. पण सोनचाफाचा प्रश्न शनिवारचा नाही, मंगळवारी सकाळी अकराचा आहे. नवरा कामावर, मुलगा किटात. तेव्हा इमारतीत कोण असतं? त्या आजीच असतात.

सोनचाफा

चिंचेचं पान ताई, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. पाटीचा असा अर्थ असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आज आलं घालून चहा केला, पोह्यांची फोडणी केली, खिडकी सताड उघडली. नेकरकाठ, तुम्ही म्हणालात तसा जाळीवाला पंखाच निघाला, जाळी अगदी काळी झाली आहे, नवीन मागवली.

आणखी एक विचारायचं राहिलं. मुलगा आता डब्यात पोळी-भाजी नको म्हणतो. किटात एका मुलाने नाक धरलं म्हणे. आणि घरी मी मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देतो. पुढच्या सप्टेंबरात शाळा सुरू होईल. काय करावं?

गोकर्ण

हे माझ्या खात्यातलं, म्हणून लिहिते. ट्युबिंगेनला आहोत, दोन मुलं किटातून पार पडली.

नाक धरल्याचं किटातल्या ताईंना नक्की सांग, तक्रार म्हणून नको, माहिती म्हणून. आमच्याकडे ताईंनी सगळ्या आईवडिलांना सांगितलं की अमुक शुक्रवारी प्रत्येकाने आपल्या घरचा नाश्ता आणायचा. तुर्की घरातून सिमित आलं, एकीने सफरचंदाचा केक आणला, मी छोटी छोटी थालीपिठं केली, तिखट न घालता. मुलांनी त्यांना पांढरं चीज फासून खाल्लं. नाक धरणाऱ्याने दोन खाल्ली. त्यानंतर माझ्या मुलाने डब्यात थालीपीठ मागून नेलं. रोज पोळी-भाजीचा हट्ट मी धरला नाही, ब्रेड-काकडीही दिली. घरी संध्याकाळी वरणभात ठरलेला, तो मात्र सोडला नाही.

भाषेचं: तू मराठीतच बोलत राहा. तो जर्मनमध्ये उत्तर देतो म्हणून तू जर्मनकडे वळू नकोस. किटातल्या ताईही हेच सांगतात, घरची भाषा पक्की असली की दुसरी चांगली येते. आजी-आजोबांशी एकट्याने बोलायला बसव, तू खोलीत थांबू नकोस. त्यांना जर्मन येत नाही म्हटल्यावर मराठी आपोआप निघते. फक्त वेळ सांभाळ: आत्ता आपल्यात आणि भारतात साडेतीन तासांचा फरक आहे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली की साडेचार होतो, आणि किटा सुटेपर्यंत तिकडे जेवणं उरकायची वेळ होते. आम्ही म्हणून शनिवार सकाळ ठरवून टाकली.

शाळेआधी आरोग्य खात्याकडून मुलांची तपासणी असते, त्यात भाषाही बघतात. घरी मराठी बोलतो हे तिथे आधीच सांग. आणि शूलट्यूटं बनवायला किटात आईवडिलांना बोलावतात, ते चुकवू नकोस. पहिल्या दिवशी प्रत्येक मूल तो खाऊ-खेळण्यांनी भरलेला मोठा कागदी शंकू मिरवत नेतं. विकत मिळतो, पण तिथे बसून बनवला की बाकीच्या आया ओळखीच्या होतात, आणि तीच मुलं पुढे त्याच्या वर्गात असतात.

चिंचेचं पान

गोकर्ण, थालीपिठाची कल्पना फार छान.

सोनचाफा, आजींच्या दाराचं आणि गणपतीचं राहिलं होतं. दार वाजव, जरूर वाजव. दुपारी तीन-चारची वेळ बरी. एक ते तीन नको, बऱ्याच घरांत तेव्हा आराम असतो. आत बोलावतील अशी अपेक्षा ठेवू नकोस. दारात उभं राहून आपलं आडनाव सांग, जिन्याचं व्यवस्थित समजून घ्यायला आले आहे असं सांग. ‘कठड्याचे गज कशाने पुसता?’ हा प्रश्न विचारलास तर अर्धा तास कुठे गेला कळणार नाही. मग पुढच्या आठवड्यातला एक दिवस ठरवून त्यांना कॉफीला बोलव. आयत्या वेळी ‘या ना वर’ असं म्हणू नकोस, त्यांना ते अवघड जातं. तारीख आणि वेळ सांगितलीस की त्या कॅलेंडरवर लिहितील आणि ठोक्याला दारात असतील.

खायला श्रीखंड कर. इथलं 40 टक्केवालं क्वार्क (दह्यासारखं मऊ ताजं चीज) रात्रभर फडक्यात टांगून ठेवलं की चक्क्याचं काम भागतं. साखर आपल्या निम्मी घाल, केशर-वेलची पुरेपूर. सुक्या मेव्याचं आधी विचारून घे. आणि आग्रह करू नकोस गं. त्या ‘नाईन, डांक’ म्हणाल्या की विषय संपला. पुन्हा वाढायला गेलीस तर त्या संकोचतात. उलट बाजूनेही तसंच: त्यांनी तुला केक पुढे केला तर पहिल्यांदाच ‘हो’ म्हण. आपल्यासारखं ‘नको नको’ म्हणालीस तर त्या खरंच बशी मागे घेतील आणि तू उपाशी घरी येशील.

गणपतीला माणसं नक्की बोलव. खोलीतल्या छतावर धूरसूचक यंत्र आहे, ते बघून मूर्तीची जागा ठरव. ते 2014 च्या अखेरीपासून या राज्यात घरोघरी सक्तीचं आहे. कापूर आणि धूप त्याच्या खाली नको, आरतीच्या वेळी खिडकी उघडी ठेव. झांजा रात्री दहाच्या बऱ्याच आधी आटोपव. मूर्ती शाडूची बघ आणि विसर्जन बादलीत कर, नेकर नदीत नको, तिथे असं काही सोडता येत नाही. विरघळलेली माती कुंडीत घाल.

आणि चार-पाच दिवस आधी जिन्यातल्या फलकावर, फलक नसेल तर खालच्या दारावर आतून, चिठ्ठी लाव. इथे कोणाकडे वाढदिवस असला तरी लावतात. मजकूर साधारण असा: ‘प्रिय शेजाऱ्यांनो, अमुक तारखेला संध्याकाळी सहा ते नऊ आमच्याकडे सण आहे. पाहुणे येतील, गाणी म्हणू, थोडा आवाज होईल. त्रास झाला तर कृपया बेल वाजवा. गोड खायला यायचं असेल तर जरूर या, आम्हाला आनंद होईल.’ खाली आडनाव आणि मजला. जर्मनमध्ये लिहून मला निरोपातून पाठव, व्याकरण बघून देते.